इंचाला चाळीस आटे : जुन्या औद्योगिक शिलाई यंत्रांचे सुटे भाग

मुळा-मुठेच्या काठचे मांजरी बुद्रुक हे गाव ३० जून २०२१ रोजी पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. त्यापूर्वीच वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि सीरम इन्स्टिट्यूट या संस्थांमुळे त्याचे नाव दूरवर पोहोचले होते. शिलाई यंत्रांच्या इतिहासात मांजरीला असे काही स्थान नाही. मात्र जुन्या औद्योगिक शिलाई यंत्राचा एखादा सुटा भाग मिळवायचा झाल्यास त्याची वाट कोठून कोठे जाते, हे समजून घेण्यास या गावाची जागा फार सोयीची आहे. पश्चिमेला हडपसरची औद्योगिक वसाहत आहे. तिच्या पलीकडे शहरात रविवार पेठेतील शिवणसाहित्याची दुकाने आणि बुधवारी व रविवारी भरणारा मंगळवार पेठेतील जुना बाजार आहे. आणि गावातून जाणारा लोहमार्ग एका अंगाने मुंबईला, तर दुसऱ्या अंगाने दौंडवरून सोलापूरला, म्हणजे गणवेश शिवण्याचा मोठा उद्योग असलेल्या शहराला, नेऊन पोहोचवतो. उपनगरात गाद्या-सोफ्यांची, बॅगांची किंवा तयार कपड्यांची शिलाई करणाऱ्याला जुने यंत्र चालू ठेवायचे असेल, तर ही सारी ठिकाणे ठाऊक असावी लागतात. तरीही तेवढ्याने काम होत नाही, कारण दुकानाच्या फळीपाशी उभे राहून नेमके काय मागायचे हे यंत्रावरच्या नावावरून ठरत नाही. ते मापांवरून आणि क्रमांकांवरून ठरते.

औद्योगिक शिलाई यंत्र म्हणजे एकाच प्रकारची शिवण दिवसभर, अतिवेगाने आणि न थकता घालण्यासाठी बनवलेले यंत्र. घरगुती यंत्रात अनेक कामे एकाच ठिकाणी आणलेली असतात, तर औद्योगिक यंत्रात डोके, म्हणजे सुई आणि शटल हलवणारा ओतीव लोखंडाचा भाग, निराळे; ते ज्यात बसते ते टेबल निराळे; आणि टेबलाखाली टांगलेली मोटरही निराळी असते. हे तीन भाग स्वतंत्र असल्यामुळेच औद्योगिक यंत्रांना दीर्घायुष्य लाभले. सपाट पायाच्या आजच्या डोक्यांचा पाया साधारणपणे ४७६ मिलिमीटर लांब आणि १७८ मिलिमीटर रुंद असतो आणि इंचांत सांगायचे तर हे माप पावणेएकोणीस बाय सात असे येते. मिलिमीटरच्या युगातही हा जुना हिशेब कायम राहिला आहे.

भारतात या यंत्रांचा प्रसार मुख्यतः सिंगर या अमेरिकी कंपनीने केला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्या भारतातील व्यवहाराची सूत्रे नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांच्या हाती होती, आणि हप्त्याने विकण्याच्या पद्धतीमुळे ही यंत्रे शिंप्यांच्या दुकानांपर्यंत पोहोचली. भारतात आलेल्या यंत्रांचा मोठा वाटा स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथील किलबोवी कारखान्यातून आलेला होता. १९२४ मध्ये ‘यंग इंडिया’त प्रसिद्ध झालेल्या एका संवादात गांधीजींनी यंत्रांवरील आपल्या टीकेला सिंगरच्या यंत्राचा अपवाद केला, ही गोष्ट वारंवार सांगितली जाते, परंतु त्याच संवादात त्यांनी हेही मान्य केले होते की असे यंत्र हवे असेल तर ते घडवणारा कारखाना असावाच लागेल, आणि असा कारखाना राज्याच्या ताब्यात असावा. हा दुसरा भाग सुट्या भागांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. घरातले किंवा दुकानातले यंत्र स्वयंपूर्ण दिसले तरी त्याची प्रत्येक सुई आणि प्रत्येक स्क्रू कोठल्या तरी कारखान्यावर अवलंबून असतो. किलबोवीचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला, तरी तेथे बनलेली यंत्रे भारतात आजही चालतात. ती कशाच्या आधारावर चालतात, हा म्हणूनच कुतूहलापुरता प्रश्न राहत नाही.

पहिला आधार क्रमांकाचा. सिंगरने आपल्या यंत्रांना वर्ग आणि उपप्रकार असे दुहेरी क्रमांक दिले. शिंप्यांमध्ये अतिशय मान्यता पावलेले ‘३१-१५’ हे यंत्र म्हणजे एकतिसाव्या वर्गातील पंधरावा प्रकार. मध्ये ‘के’ हे अक्षर आले तर यंत्र किलबोवीचे, ‘डब्ल्यू’ आले तर सिंगरने विसाव्या शतकाच्या आरंभी ताब्यात घेतलेल्या व्हीलर अँड विल्सन कंपनीच्या ब्रिजपोर्ट येथील कारखान्याचे. याहून उपयोगाची गोष्ट अशी की या कंपनीने केवळ यंत्रावर नव्हे, तर त्याच्या सुट्या भागांवरही क्रमांक ठोकले. भागावर ‘सिमॅन्को’ ही कंपनीच्या नावाची संक्षिप्त खूण आणि शेजारी काही अंक दिसतात. तेलकट मळाखाली दडलेले हे अंक घासून वाचणे, हे शोधाचे पहिले पाऊल होय. पुढे भाग बनवणाऱ्या इतर उत्पादकांनीही सिंगरचेच क्रमांक वापरल्यामुळे मूळ कारखाना बंद पडल्यावरही ते बाजाराची भाषा बनून राहिले. म्हणून यंत्राच्या डोक्याला नव्याने रंग देताना अनुक्रमांकाची पट्टी काढून टाकणे किंवा भागांवरचे आकडे घासून गुळगुळीत करणे ही मोठी हानी आहे.

दुसरा आधार सुईचा. सुईची जाडी आणि सुईची पद्धत या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत झाल्याने पुष्कळ यंत्रे विनाकारण बदनाम होतात. जाडीचा आकडा सोपा आहे: १४ क्रमांकाची सुई म्हणजे ९० क्रमांकाची, १६ म्हणजे १००, १८ म्हणजे ११०, आणि यातील मोठा आकडा सुईच्या पात्याची जाडी मिलिमीटरच्या शतांशांत सांगतो. पद्धत मात्र दांड्याचा व्यास, दांड्यापासून नेढ्यापर्यंतची लांबी आणि दांड्याची घडण यांवर ठरते. घरगुती सुईचा दांडा एका बाजूने चपटा असतो, औद्योगिक सुईचा गोल असतो. सरळ शिवणीच्या बहुतेक औद्योगिक यंत्रांना लागणारी सुई सिंगरच्या क्रमांकात १६×२३१, जपानी क्रमांकात डीबी×१ आणि युरोपीय क्रमांकात १७३८ अशा तीन नावांनी ओळखली जाते, तर जाड कामाच्या यंत्रांची १३५×५ ही सुई डीपी×५ आणि १३४ या नावांनीही मिळते. डीबी सुईचा दांडा सुमारे १.६ मिलिमीटर व्यासाचा आणि डीपी सुईचा २ मिलिमीटरचा असल्यामुळे बारीक दांड्याची सुई जाड भोकात बसते खरी, पण ती सरळ राहत नाही आणि टाके गळू लागतात. दोष सुईचा असताना शटल बदलण्याचा खर्च केला जातो, तो येथे. सुयांच्या बाबतीत भारतीय ग्राहकाची स्थिती मात्र चांगली आहे. जर्मनीतील ग्रोझ-बेकर्ट कंपनीचा चंडीगड येथील कारखाना कित्येक दशके सुया बनवत आला आहे, आणि प्रचलित पद्धतींच्या सुया रविवार पेठेसारख्या बाजारात सहज मिळतात.

तिसरा आधार स्क्रूचा. येथे जरा अधिक थांबणे आवश्यक आहे, कारण सर्वाधिक नुकसान याच ठिकाणी होते. शिलाई यंत्रांतील स्क्रूंचे आटे सर्वसाधारण यंत्रांतील आट्यांसारखे नसतात. एक इंचाच्या चौसष्ट भागांपैकी नऊ किंवा अकरा भाग एवढा व्यास आणि एका इंचात चाळीस आटे, अशी मापे या यंत्रांत जागोजागी आढळतात. ती एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी कारखान्यांतून आली आणि पुढे जुकीसारख्या जपानी उत्पादकांनीही ती तशीच स्वीकारली, त्यामुळे सगळे काही मिलिमीटरमध्ये मोजणाऱ्या देशांत बनलेल्या यंत्रांतही इंचाचे आटे टिकून राहिले. अकरा चौसष्टांश इंच म्हणजे ४.३७ मिलिमीटर. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा ४ मिलिमीटरचा स्क्रू या भोकात ढिला राहतो आणि ५ मिलिमीटरचा जातच नाही. दाबाचा पाय घट्ट धरणारा स्क्रू हरवला की घाईत ५ मिलिमीटरचा टॅप, म्हणजे आटे पाडण्याचे हत्यार, चालवून भोक मोठे केले जाते आणि काम त्या दिवसापुरते भागते. पण त्यानंतर त्या यंत्राला बाजारातला योग्य स्क्रू कधीच बसत नाही. चाळीस आट्यांचा योग्य टॅप जवळ बाळगणारा मिस्त्री म्हणूनच मोलाचा ठरतो. भंगारात जाणाऱ्या डोक्यातले स्क्रू काढून निगुतीने जपून ठेवण्याची त्याची सवयही याच अनुभवातून आलेली असते. जुन्या बाजारातून आणलेल्या निकामी डोक्याचे खरे मोल पुष्कळदा या मूठभर स्क्रूंमध्येच असते.

शिवणकामाचे साहाय्यक भाग, म्हणजे निरनिराळे पाय, दुमड घालणारे हेमर, कापडाच्या कडेला गोट किंवा मगजी लावणारे फोल्डर, यांची स्थिती निराळी आणि एकंदरीत दिलासादायक आहे. सपाट पायाच्या औद्योगिक यंत्रांत पाय धरणारा दांडा उंच असतो आणि ही घडण फार मोठ्या प्रमाणावर समान राहिली आहे. आजच्या जुकीसाठी बनलेला चेनचा किंवा मगजीचा पाय जुन्या ३१-१५ वरही पुष्कळदा बसतो. चामडे, रेक्झिन आणि गाद्यांच्या कामासाठी सिंगरने काढलेल्या १११ डब्ल्यू या यंत्रात दाते, सुई आणि एकाआड एक उचलले जाणारे दोन पाय मिळून जाड थर एकत्र पुढे नेतात. त्याची रचना इतर कंपन्यांनी इतकी उचलली की त्याचे पाय जुकीच्या एलयू-५६३ सारख्या यंत्रांच्या पायांशी जुळतात. म्हणजे यंत्र जुने असले तरी त्याचे कुटुंब चालू उत्पादनात असेल, तर त्याला म्हातारपण येत नाही.

या नियमाला ठळक अपवाद आहे तो चपला-बूट दुरुस्तीसाठी वापरल्या जाणाऱ्या २९ के या यंत्राचा. त्याचा पाय सुईभोवती पूर्ण फिरतो आणि वरूनच माल ओढतो, त्यामुळे बुटाच्या आत कोणत्याही दिशेने टाके घालता येतात. मात्र लांबट बाहूच्या टोकाशी असलेले छोटे शटल हलवण्यासाठी बाहूच्या आतून दातेरी पट्टी आणि इवलेसे दातेरी चाक काम करते. या दोहोंची झीज झाली की शटल सुईला वेळेवर भेटत नाही. ही वेळ किती काटेकोर असते याची कल्पना आजच्या यंत्रांवरून येते: जुकीच्या डीडीएल-८७०० या यंत्रात शटलचे काम करणाऱ्या हुकाचे टोक आणि सुई यांमध्ये ०.०४ ते ०.१ मिलिमीटर एवढेच अंतर ठेवायचे असते. २९ के मध्ये झिजलेल्या दातांमुळे पडणारी ढिलाई याच्या कितीतरी पट असू शकते आणि ती कोणताही स्क्रू आवळून जात नाही. पट्टी आणि चाक बदलावेच लागते. या यंत्राच्या चिनी नकला बाजारात असल्या तरी त्यांचे भाग मूळ यंत्रात घासल्याशिवाय बसतीलच असे नाही, आणि नेमक्या याच कामासाठी हडपसरसारख्या वसाहतीतील लेथ आणि मिलिंगचे कसब लागते. दातेरी चाक एकटे एक बनवून घेणे महाग पडते. झिजलेले दोन्ही भाग नमुना म्हणून सोबत दिले आणि एकाच वेळी पाच-दहा चाके कापून घेतली, तर खर्च आटोक्यात येतो. एकाच परिसरातल्या दुरुस्तीकारांनी असे काम एकत्र टाकणे हा उपाय साधा असून त्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही.

मोटरीच्या बाबतीत हिशेब सोपा आहे, पण तो करावा लागतो. ३१-१५ हे यंत्र मिनिटाला सुमारे २२०० टाक्यांसाठी बनलेले आहे, तर डीडीएल-८७०० ची मर्यादा ५५०० आहे. नव्या यंत्राची वेगवान मोटर आणि मोठी पुली जुन्या डोक्याला जोडली तर थेंबाथेंबाने हाताने तेल घालण्यासाठी ठेवलेल्या भोकांवर चालणारे सांधे तापून झिजतात. मिनिटाला १४४० फेरे घेणाऱ्या मोटरीवर तीन इंची पुली बसवून पाच इंची चाक फिरवले तर सुमारे ८६४ टाके पडतात, आणि जाड कामाला हा वेग पुरेसा असतो.

मांजरीच्या साखर संस्थेमुळे औद्योगिक शिलाईच्या एका उपेक्षित शाखेचीही येथे आठवण होते. साखर कारखान्यांत भरलेल्या पोत्यांची तोंडे साखळी टाक्याने शिवली जातात. १८८१ मध्ये शिकागोत स्थापन झालेली युनियन स्पेशल ही या प्रकारच्या यंत्रांची अग्रगण्य कंपनी. साखळी टाक्याला बॉबिन लागत नाही, खालचा दोरा किंवा वरच्याच दोऱ्याचा फास लूपर नावाचा वाकडा आकडा धरून ठेवतो, आणि शेवटचे टोक योग्य बाजूने ओढले की सगळी शिवण एका दमात उसवते, जे पोते उघडताना सोयीचे असते. या यंत्रांत झिजतात ते लूपर, दाते आणि सुईची प्लेट, आणि त्यांतला एकही भाग शिंप्याच्या यंत्राशी जुळत नाही. म्हणून या भागांचा शोध शिवणसाहित्याच्या पेठेत न घेता पोती शिवण्याच्या यंत्रांच्या विक्रेत्यांकडे घ्यावा लागतो.

जे साहाय्यक भाग तयार मिळत नाहीत, ते पत्र्यापासून हाताने घडवून घेण्याची परंपरा मात्र अजून जिवंत आहे. गोट लावणारा फोल्डर म्हणजे पट्टीला चार पदरी दुमडून कापडाच्या कडेवर आणणारी पत्र्याची वळणदार नळी. तो बनवून घेताना यंत्राच्या नावापेक्षा चार गोष्टी सांगाव्या लागतात: तयार गोटाची रुंदी, कापलेल्या पट्टीची रुंदी, दोन्ही कापडांची जाडी आणि पट्टी सुईकडे सरळ येणार की काटकोनात. आठ मिलिमीटरचा गोट हवा असेल तर चार पदरांचे बत्तीस मिलिमीटर आणि त्यावर जाडीसाठी थोडी वाढ एवढी पट्टी लागते. कापडाची जाडी बदलली की फोल्डरही बदलतो. त्यामुळे कारागिराकडे जाताना नुसते माप न नेता प्रत्यक्ष शिवायच्या कापडाचा आणि पट्टीचा तुकडा नेणे, आणि शक्य असल्यास यंत्राची सुईची प्लेट व दाते सोबत ठेवणे, हेच योग्य ठरते, कारण फोल्डरचे तोंड सुईपासून किती अंतरावर येणार हे त्या प्लेटवरच ठरते.