ड्रोनच्या पंख्यांना कडे असावे की नसावे?

हळदीच्या मांडवावर, देवाच्या पालखीवर, नाहीतर भाताच्या खाचरावर घोंघावत फिरणारे एक यंत्र आता आपण सर्वांनीच पाहिले आहे. त्याला ड्रोन म्हणतात. २००९ साली 'थ्री इडियट्स' या चित्रपटात चार पंख्यांचे असे यंत्र खिडकीबाहेर उडताना दाखवले होते. तेव्हा लोकांना ते मोठे नवल वाटले. ते यंत्र मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या तरुणांच्या आयडियाफोर्ज या कंपनीने बनवले होते. आज आपल्या पनवेल तालुक्यात लग्नाचे फोटो काढणारा साधा फोटोवालाही ड्रोन बाळगतो.

ड्रोनला पाखरासारखे पंख नसतात, पंखे असतात. बहुतेकांना चार. पंखा हवा खाली ढकलतो आणि यंत्र वर उचलले जाते. दोन पंखे घड्याळाच्या काट्यांसारखे फिरतात, दोन उलटे फिरतात. चारही एकाच बाजूने फिरले असते, तर मधले धड भोवऱ्यासारखे उलट गरगरत राहिले असते. म्हणजे चारांचा मेळ बसला तर ड्रोन उडतो. एकाचे पाते मोडले की तोल गेलाच म्हणून समजा.

पाते दिसायला अगदी किरकोळ. प्लॅस्टिकची पट्टी, हातात घेतली तर वाकते. याने काय होणार, असे वाटते. म्हणून थोडा हिशोब करू. पाटी-पेन्सिल घ्या.

समजा, पाते या टोकापासून त्या टोकापर्यंत २० सेंटीमीटर आहे. ते एकदा फिरले की त्याचे टोक सुमारे ६३ सेंटीमीटर चालते. पंखा मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १०० फेरे झाले. म्हणजे टोक एका सेकंदात ६३ मीटर जाते. तासाचा हिशोब केला, तर सव्वादोनशे किलोमीटर होतात. कळंबोलीहून पुण्याकडे जाणाऱ्या द्रुतगती मार्गावर मोटारीला जेवढ्या वेगाने जाऊ देतात, त्याच्या दुपटीहून जास्त. एवढ्या वेगाने आलेली प्लॅस्टिकची पट्टी सुरीसारखी कापते. कागदाच्या कडेने बोट कापते ना? मग याचे नवल ते काय?

२०१५ साली मेक्सिको देशात तिहुआना गावी एन्रिके इग्लेसियस या नावाजलेल्या स्पॅनिश गायकाचा जलसा चालू होता. चित्रे घेण्यासाठी रंगमंचावर ड्रोन सोडला होता. तो गायक काही कार्यक्रमांत ड्रोन हाताने धरून लोकांची छबी दाखवत असे. त्या दिवशी धरताना चुकले आणि बोटे कापली गेली. पुढे शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच वर्षी इंग्लंडात एका लहान मुलाचा डोळा गेला. घरचाच एक स्नेही अंगणात ड्रोन उतरवीत होता. पाते झाडाला लागले, यंत्र गरगरत बाजूला फेकले गेले आणि नेमके मुलाच्या तोंडावर आले. उडवणाऱ्याचा हात काही नवखा नव्हता.

यावर उपाय म्हणून पंख्याभोवती प्लॅस्टिकचे कडे बसवतात. कुणी त्याला गार्ड म्हणतात. सायकलच्या चेनवर कव्हर असते, त्याचाच हा भाऊ. चेनकव्हर धोतराचा सोगा नि साडीचा काठ वाचवते. पण सायकल थोडी जड होते, आणि कव्हर ढिले झाले की खडखड वाजते. म्हणून शर्यतीच्या सायकलला ते नसते. ड्रोनच्या कड्याचे गुणदोषही जवळजवळ असेच आहेत.

आता घरातले पंखे बघा. टेबलपंख्याला जाळी असते. छताच्या पंख्याला नसते. पाते दोघांचेही लागते. मग फरक का? कारण छताचा पंखा उंच आहे, तिथे पोराचा हात पोचत नाही. टेबलपंखा पोराच्या नाकासमोर असतो. ड्रोनची पंचाईत अशी, की तो कधी टेबलपंखा असतो, कधी छताचा पंखा. उडताना आणि उतरताना तो माणसांच्या हाताच्या उंचीवर असतो. मधल्या वेळात वर असतो. कडे हवे की नको, याचे निम्मे उत्तर यातच आहे.

मंगल कार्यालयात, शाळेच्या सभागृहात किंवा मांडवाच्या आत ड्रोन उडवायचा असेल, तर माझ्या मते कडे असलेच पाहिजे. तिथे खांब असतात, झुंबरे असतात, पडदे आणि फुलांच्या माळा असतात. वाऱ्याची भीती नसते, भिंतीची असते. कडे भिंतीला घासते, यंत्र मागे सरते आणि पाते शाबूत राहते. एका हळदीत मी बिनकड्याचा ड्रोन मांडवाच्या झालरीत गुंतलेला पाहिला. झालर पात्याभोवती गुंडाळली गेली आणि यंत्र थेट हळदीच्या ताटात आले. नवरीची मावशी हसत होती म्हणून निभावले. ताटाशेजारी दोन लहान मुली बसल्या होत्या, त्यांना काही लागले नाही हे नशीब. शिकाऊ माणसानेही आधी कडे लावूनच हात बसवावा. नवी पाती विकत घेण्याचा खर्च तरी वाचतो.

पण कडे लावले म्हणजे झाले, असे कुणी समजू नये. बाजारात मिळणारी पुष्कळशी कडी फक्त बाजूने असतात. काही तर अर्धीच, चंद्रकोरीसारखी असतात. ती भिंतीपासून पाते वाचवतात. वरून किंवा खालून बोट घातले तर ते बोट पात्यातच जाते. टेबलपंख्याची जाळी काढून नुसती बाहेरची गोल पट्टी ठेवली तर काय होईल, तसे हे आहे. लहान पोरांचा हात नेहमी वरून येतो. फुलपाखरू पकडावे तसे ते ड्रोनवर झडप घालतात. तिथे वरखाली जाळी असलेले पुरे कडे हवे. स्वित्झर्लंडच्या फ्लायॅबिलिटी कंपनीने तर ड्रोन सबंध गोल पिंजऱ्यातच बसवला आहे. कारखान्यांच्या मोठ्या टाक्या आणि बॉयलर आतून तपासण्यासाठी तो वापरतात. तो भिंतींवर आपटत आपटतच काम करतो.

दुसरी गोष्ट पडण्याची. दोन किलोचा ड्रोन ३० मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण दहा मजली इमारतीच्या उंचीवरून खाली आला, तर जमिनीशी पोचेपर्यंत त्याचा वेग ताशी ८५ किलोमीटरच्या घरात जातो. हवेचा अडथळा धरला तर थोडा कमी. तेव्हा कडे असले काय नि नसले काय, डोक्यावर दगड पडल्यासारखेच आहे. उंचावरून उडणाऱ्या ड्रोनखाली माणसे नसणे, हाच त्यावर इलाज.

आता तोट्याची बाजू. कड्याचे वजन थोडे असते, पण ते प्रत्येक क्षणी उचलून धरावे लागते. पंखे जास्त जोराने फिरतात, बॅटरी लवकर उतरते. वीस मिनिटे उडणारे यंत्र तेवढे उडत नाही. शिवाय कडे आणि त्याचे दांडे पंख्याच्या हवेच्या वाटेत येतात. पात्याला अगदी चिकटून नेमकेपणे घडवलेले कडे हवेला वाट करून देते, आणि त्याने उलट मदतही होते. पण स्वस्तातले, सैल कडे नुसती आडकाठी करते.

सगळ्यात वाईट म्हणजे वारा. आपल्याकडे खाडीवरून वारा येतो, पावसाळ्याच्या तोंडावर तर तो पिसाटच असतो. जमिनीवर झाडाचे पान हलत नसले, तरी शंभर फुटांवर चांगला वारा असू शकतो. कडे त्या वाऱ्यात शिडाचे काम करते. होडीला शीड हवे असते. ड्रोनला ते नको असते. तो जागेवर उभा राहायला धडपडतो, बॅटरी खातो, आणि कधी कधी वाऱ्याबरोबर निघून जातो. म्हणून देहरंगच्या धरणावर किंवा मोकळ्या माळावर उंच उडवायचे असेल, तर कडे काढून ठेवणे शहाणपणाचे. काही ड्रोनांना पुढे अडथळा ओळखणारे डोळे असतात. चुकीचे कडे त्या डोळ्यांपुढे आले तर ड्रोन आंधळा होतो, किंवा आपल्याच कड्याला घाबरून थांबतो.

ढिले कडे तर नसलेले बरे. हादऱ्याने ते सरकते आणि पात्यालाच लागते. मग ज्याने वाचवायचे त्यानेच घात केला. काही मुले सायकलच्या तारा वाकवून घरी कडे करतात. हुशारीचे कौतुक आहे, पण ते करू नका. तार सुटली तर ती पात्यातून बाणासारखी निघते. कंपनीने त्याच ड्रोनसाठी बनवलेले कडेच घ्यावे, आणि उडवण्याआधी पाते हाताने हळू फिरवून कुठे घासत नाही ना, ते पाहावे. हे करताना बॅटरी बंद. बॅटरी चालू असताना पंख्याला बोट लावायचे नाही, हे पक्के.

आता कायद्याची एक गंमत. भारत सरकारने २०२१ साली ड्रोनचे नियम केले. त्यांत ड्रोनचे वर्ग वजनावरून पाडले आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो'. त्याच्या वरचा, दोन किलोपर्यंतचा 'मायक्रो'. नॅनो उडवायला चालकाचा परवाना लागत नाही. मायक्रो हौसेने उडवायलाही लागत नाही, पण धंद्यासाठी उडवायचा तर लागतो. म्हणून कंपन्या २४९ ग्रॅमचे ड्रोन काढतात. हे ते दुकानातल्या नव्याण्णव रुपयांच्या किमतीसारखेच. आता फोटोवाल्याने सुरक्षेसाठी त्यावर कडी बसवली आणि वजन २५० च्या वर गेले, तर ड्रोन नॅनोचा मायक्रो झाला. तो पैसे घेऊन उडवतो, म्हणजे परवाना हवा. वजन धरायचे ते अंगावरच्या सगळ्या सामानासकट. सुरक्षा वाढवली म्हणून कागदपत्रे वाढली! मला हा नियम थोडा उलटा वाटतो.

अमेरिकेने २०२१ मध्येच दुसरी वाट धरली. तिथे माणसांच्या डोक्यावरून उडायच्या सर्वांत हलक्या वर्गातल्या ड्रोनला दोन अटी आहेत. वजन सगळे मिळून सुमारे २५० ग्रॅमच्या आत हवे, आणि कातडी कापेल असे उघडे फिरते पाते नको. म्हणजे नुसते हलके असून भागत नाही. कड्यासकट हलका ड्रोन बनवण्याकडेही कंपन्या वळल्या. २०२४ साली डीजेआय या चिनी कंपनीने पुऱ्या कड्यांसकट अवघ्या १३५ ग्रॅमचा ड्रोन काढला. म्हणजे मनात आणले तर दोन्ही साधते.

शेतीच्या ड्रोनची गोष्ट अगदी वेगळी. केंद्र सरकारने २०२३ साली 'नमो ड्रोन दीदी' योजना सुरू केली. १५ हजार महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन द्यायचे ठरले. या ड्रोनला दहा लिटरची टाकी असते, पाती हातभर लांब असतात. एवढ्या पात्यांना कडे करायचे तर तेच औषधाच्या टाकीच्या वजनाला यायचे. शिवाय या पंख्यांची हवा खाली जोराने जाते, तीच औषधाचे तुषार पानापानांत नेते. त्या हवेत आडकाठी नको. तिथे अंतर हेच कडे. यंत्र बांधापासून दूर सपाट जागेवर ठेवायचे, गुरे आणि मुले लांब न्यायची, पंखे पूर्ण थांबेपर्यंत जवळ जायचे नाही. एक ताई मला म्हणाल्या, "गुरुजी, पंखा थांबल्यावर मी मनात दहा आकडे मोजते, मगच टाकीला हात लावते." हे मला फार आवडले.

पनवेलकरांसाठी आणखी एक बाब. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमाने सुरू झाली. विमानतळ आपल्या अगदी शेजारी आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे विमानतळाच्या कुंपणापासून ८ किलोमीटरपर्यंत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच मोकळीक आहे. कडे बसवले म्हणून यात सूट नाही. कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्यातही ते दाखवून कुणी आत जाऊ देणार नाही.

घरच्या कार्यात फोटोवाला ड्रोन आणणार असेल, तर बयाणा देण्याआधीच त्याला चार गोष्टी विचाराव्या. परवानगी घेतली का? ड्रोन आत उडवणार की बाहेर? आत उडवणार असेल तर कडे पुरे आहे की अर्धे? आणि उतरवताना जागा कोण राखणार? शेवटच्या कामाला घरातला एखादा खमक्या मामा उभा करावा. एक दोरी, चार खुर्च्या, आणि आतल्या बाजूला एकही पोर नाही. पेढा वाटणारी माणसेही तिथून लांबच ठेवावी, कारण पोरे पेढ्याच्या मागे येतात.