भार सांगा, आकार मिळेल!

कोल्हापूरच्या उद्यमनगरात यंत्रांचे ओतीव सुटे भाग बनतात. अशा भागाचा आकार संगणकालाही शोधता येतो. कसा, ते पाहू. भागावरचा भार, त्याचे आधार व उपलब्ध जागा एवढे त्याला सांगायचे. तो त्या जागेचे हजारो बारीक तुकडे कल्पून प्रत्येकावरील ताण काढतो, कमी ताणाच्या ठिकाणचा धातू घटवतो आणि पुन्हा गणित करतो. अखेर हाडासारखा हलका पण मजबूत आकार उरतो. १९८८ साली बेंडसो आणि किकुची यांच्या शोधनिबंधाने या रीतीचा पाया घातला. मात्र वाळूच्या साच्यातून पॅटर्न न अडकता निघावा, ही अट आपणच घालावी लागते. आणि एखादा धक्का सांगायचा राहिला, तर तो पेलणारा धातूच संगणक काढून टाकील! उत्तर यंत्राचे, पण प्रश्न मांडण्याची जबाबदारी माणसाचीच.