गाळ, राख आणि मळी : भरावाविषयीचे काही गैरसमज

अँटॉप हिलच्या पायथ्याशी मूळ बेटाचा कठीण खडक आणि समुद्राने सोडलेली मऊ भूमी यांची सीमा थोड्याच पावलांत ओलांडता येते. एका अंगास टेकडी, तर पूर्वेस वडाळ्याची मिठागरे, खारफुटी आणि खाडीचा काळा चिखल. अशा मुलखात रस्ता न्यावयाचा किंवा सखल पटांगण उंच करावयाचे म्हटले, की पहिला प्रश्न भरावाचा उपस्थित होतो. आणि भराव म्हणजे डोंगर फोडून आणलेला मुरूम व डबर, बाकी सारा केरकचरा, ही समजूत इतकी रूढ आहे, की गोदीचा गाळ, वीजकेंद्रांची राख आणि पोलादाच्या कारखान्यांतील मळी यांचा गुणदोषविचार करण्यापूर्वीच त्यांच्याविरुद्ध निकाल दिला जातो. मुरुमाच्या प्रत्येक गाडीमागे कोठे तरी एक टेकडी झिजत असते, हे ध्यानी घेऊन या समजुती एकेक करून तपासणे अगत्याचे आहे.

गैरसमज : गोदीतून निघालेल्या मातीवर टिकाऊ वस्ती होत नाही.

वस्तुस्थिती : १९१४ मध्ये खुली झालेली अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, खणताना जी माती निघाली, तिचाच उपयोग करून पोर्ट ट्रस्टने १९१४ ते १९१८ या काळात सुमारे २२ एकरांचे बॅलार्ड इस्टेट सिद्ध केले, आणि तेथील भक्कम दगडी इमारती शंभराहून अधिक पावसाळे पाहून आजही उभ्या आहेत. एका कामाचा टाकाऊ भाग दुसऱ्या कामाचा पाया व्हावा, ही तजवीज मुंबईस नवी नाही.

गैरसमज : गाळ उपसून बांधाआड ओतला, की जमीन तयार झाली.

वस्तुस्थिती : ही समजूत पहिलीच्या अगदी उलट, आणि तितकीच महागात पडणारी. १९२० नंतर गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या अमदानीत विकास खात्याने बॅकबेमध्ये ११४५ एकर समुद्र हटविण्याचा संकल्प सोडला. परंतु दगडी बांधाच्या फटींतून ओतलेला मऊ चिखल पुन्हा समुद्रात वाहून जाऊ लागला, खर्चाचे अंदाज कोलमडले, खुर्शेद नरिमन यांनी या कारभारावर टीकेची झोड उठविली आणि १९२६ मध्ये मीअर्स समितीस चौकशी करावी लागली. अखेरीस जेमतेम ४३९ एकर जमीन हाती आली. दोष गाळाचा नव्हता. त्याला धरून ठेवणारा बांध, त्यातील पाण्याचा निचरा आणि कामाची आखणी यांचा होता. सागरी चिकणमातीच्या कणांमधील पोकळ्यांत पाणी दडलेले असते व ते स्वभावतः अत्यंत सावकाश बाहेर पडते, म्हणून आता अशा मातीत उभ्या निचरापट्ट्या रोवून वर तात्पुरता बोजा ठेवतात आणि जमीन आधी खचवून घेऊन मगच तीवर बांधकाम करतात. न्हावा-शेवा बंदराच्या आवारातील मऊ जमीन याच रीतीने घट्ट करण्यात आली. जपानात नागोयाजवळच्या, २००५ मध्ये सुरू झालेल्या सागरी विमानतळासाठी तर बंदरातील गाळात सिमेंट मिसळून त्याचाच भराव घालण्यात आला.

गैरसमज : कोळशाची राख विषारी, म्हणून सर्वथा त्याज्य.

वस्तुस्थिती : राख मातीहून हलकी असते, आणि वडाळ्यासारख्या मऊ चिकणमातीच्या प्रदेशात हलका भराव म्हणजे खालच्या थरावर कमी भार व कमी खचणे. दिल्लीत यमुनेच्या पूरक्षेत्रातील दुसऱ्या निजामुद्दीन पुलाकडे जाणाऱ्या रस्त्याचा उंच बांध राखेचाच आहे. मात्र पाण्याने राख धुऊन जाऊ नये म्हणून त्यास मातीचे आवरण व दगडी अस्तर दिलेले आहे. केंद्र सरकारने १४ सप्टेंबर १९९९ च्या अधिसूचनेने राखेच्या वापरास कायद्याचे अधिष्ठान दिले, आणि डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने संपूर्ण राखेचा विनियोग करण्याचे दायित्व वीजकेंद्रांवर टाकले. तथापि राखेत जड धातूंचे अंश असू शकतात. म्हणून पाण्यात काय विरघळते याची चाचणी झाल्यावाचून ती विहिरी-तलावांच्या सान्निध्यात घालणे अक्षम्य होय. वापराविना साचविलेली राखही निर्धोक नसते: जुलै २०२२ मध्ये नागपूरनजीक कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेच्या तलावाचा बंधारा फुटून राखेचा चिखल नाल्यांत व शेतांत पसरला.

गैरसमज : मळी सारी एकाच जातीची.

वस्तुस्थिती : लोखंडाच्या झोतभट्टीची मळी आणि पोलादाची मळी यांच्या स्वभावांत मोठे अंतर आहे. पोलादाच्या मळीत मुक्त चुना उरतो. तो पाण्याच्या संपर्काने फुगतो आणि वरची फरसबंदी उचलून धरतो, यास्तव ती काही महिने उघड्यावर पाणी मारून मुरवून, तपासून मगच वापरावी लागते. असे संस्कार केलेल्या मळीचा सहापदरी रस्ता २०२२ मध्ये सुरतेजवळ हजिरा येथे केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या देखरेखीखाली झाला.

गैरसमज : पाडकामाचे डेब्रिज खाडीकाठी टाकणे हाही पुनर्वापरच.

वस्तुस्थिती : नव्हे, तो केवळ अपराध आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये खारफुटीच्या ५० मीटरच्या आत बांधकामास व डेब्रिज टाकण्यास मनाई केली, आणि २०१६ च्या केंद्रीय नियमांनी पाडकामाचा मलबा वेगळा करून प्रक्रियेसाठी सुपूर्द करण्याचे बंधन घातले. वर्गवारी, चाचणी, आखणी आणि परवाना यांवाचून टाकलेल्या ढिगास भराव म्हणणे, हा शब्दाचाही अवमान आणि भरतीच्या पाण्याची वाट अडवून शेजारच्या वस्तीचाही घात.

या साऱ्याचे तात्पर्य असे, की कोणत्याही पदार्थाची योग्यता त्याच्या उत्पत्तीने ठरत नाही. ती त्याच्या परीक्षेने आणि योजनेच्या शिस्तीने ठरते. म्हणून आपल्या मोहल्ल्यात भरावाची गाडी आली, तर नागरिकाने माल नवा की टाकाऊ असे न पुसता, तो कोठून आला, त्याची चाचणी कोणी केली, खालच्या मातीचा निचरा कसा होणार आणि कोणत्या मंजुरीने तो येथे पडत आहे, हे चार प्रश्न पुसावेत. आणि ज्या मक्तेदारापाशी व ज्या खात्यापाशी त्यांची लेखी उत्तरे नाहीत, त्यांची गाडी, मग ती उत्तमातील उत्तम मुरुमाची का असेना, परत पाठविण्याचा आग्रह धरावा.