भोपळ्याचं फळ गळतंय? फवारणीआधी हे वाचा



गेल्या पावसाळ्यात बैठकीत एका ताईंनी विचारलं, "मॅडम, लाल भोपळ्याचा वेल मांडवभर पसरलाय, फुलंही भरपूर. पण बोराएवढं फळ धरलं की पिवळं पडून गळतं. काय करू?" मी पटकन सांगून टाकलं, "रोग असेल, फवारा काहीतरी." त्यांनी सकाळीच, फुलं उमललेली असताना, औषध मारलं. मग दोन-चार फळं धरत होती, तीही थांबली. चूक माझी होती, म्हणून हे लिहितेय.

भोपळ्याच्या वेलावर नर आणि मादी अशी वेगळी फुलं येतात. नर फुलाचा देठ लांब, बारीक. मादी फुलाच्या मागे चिमुकलं फळ दिसतं. नराचे पराग मादीपर्यंत पोचले तरच ते फळ वाढतं. हे पराग जड आणि चिकट असतात, वाऱ्याने जात नाहीत. ते काम मधमाशी करते. आपण सकाळी औषध मारलं की आधी तीच मरते.

म्हणून गळालेलं फळ आधी चिरून बघा. आत अळी असेल तर फळमाशीचा त्रास आहे. अळी नसेल तर बहुतेक वेळा पराग पोचलेले नसतात.

मधमाश्या परसबागेत याव्यात म्हणून एवढं करा:

• बांधाला झेंडू, तुळस, तीळ, सूर्यफूल लावा. कोथिंबीर आणि मुळ्याची दोन-चार रोपं न उपटता फुलू द्या. माश्यांना खाणं मिळतं, आपल्याला घरचं बी.
• पसरट ताटलीत खडे टाकून पाणी ठेवा. खड्यांवर बसून त्या पाणी पितात, बुडत नाहीत.
• थोडी जमीन मोकळी, न खणलेली ठेवा. काही माश्या मातीत बीळ करून राहतात.
• निंबोळी अर्कसुद्धा माश्या घरी परतल्यावर, संध्याकाळीच फवारा. उमललेल्या फुलांवर नको.
• झाडावरचं मोहोळ जाळू नका.

तोपर्यंत हाताने करता येतं. सकाळी लवकर ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधला पिवळा भाग मादी फुलात हलकेच फिरवा. दोडका आणि दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात, त्यांचं तेव्हाच करा.

त्या ताईंनी आठ दिवस हाताने केलं. मग मांडवाला भोपळे लटकले. पुढच्या बैठकीला येताना तुमच्या वेलावर सकाळी किती माश्या दिसल्या, ते मोजून या.