'सलाम बॉम्बे'तला चिलम आणि आपली मुले

गेल्या आठवड्यात एक गृहस्थ दवाखान्यात आले. मुलगा बाहेरच उभा होता. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आठ दिवस खोलीत कोंडून ठेवलं त्याला. आता गर्द सुटली म्हणायची ना?" त्यांना उत्तर देताना मला 'सलाम बॉम्बे' आठवला.

मीरा नायर यांचा हा चित्रपट १९८८ सालचा. मुंबईच्या रस्त्यावर चहा पोचवणारा कृष्णा, गर्द विकणारा चिलम आणि त्याच्याकडून धंदा करवून घेणारा बाबा. चिलम झाले होते रघुवीर यादव, बाबा नाना पाटेकर. चिलम गर्द विकतो आणि स्वतःही ओढतो. बाबा त्याला हाकलतो. मग कृष्णाने गावी परतण्यासाठी साठवलेले पैसे तो चोरतो आणि अतिसेवनाने मरतो. पाहणारा म्हणतो, "मित्राला फसवलं, नालायक!" मला मात्र तिथे आजार दिसतो.

गर्द म्हणजे ब्राऊन शुगर, अफूपासून होणाऱ्या हेरॉइनचे भेसळीचे रूप. वेदना शमवणारी द्रव्ये आपल्या मेंदूत मुळातच असतात. गर्द त्यांची जागा घेते. हळूहळू मेंदूला सवय होते आणि तेवढ्याच गुंगीसाठी जास्त मात्रा लागते. मात्रा चुकली की आठ-बारा तासांत नाकाडोळ्यांतून पाणी, जांभया, अंगावर काटा, पोटात कळा, जुलाब, हातपाय तुटल्यासारखे दुखणे सुरू होते. याला व्यसनी 'टर्की' म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास सर्वांत जास्त असतो, आठवडाभरात ओसरतो. त्या अवस्थेत माणूस मजेसाठी नव्हे, त्रास थांबावा म्हणून पुडी शोधतो. विकणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते.

आता त्या गृहस्थांचा प्रश्न. आठ दिवसांत शरीराची सवय उतरते, मनाची ओढ तशीच राहते. असा मुलगा बाहेर पडून जुन्याच मात्रेने ओढू लागला, तर श्वास मंदावून मृत्यू येऊ शकतो. म्हणजे बंद केल्यानंतरचे पहिले दिवसच जास्त धोक्याचे. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांचे व्यसन असेल, तर एकदम बंद केल्याने झटकेही येतात. म्हणून कोंडणे हा उपचार नव्हे.

"हे मुंबईचं झालं, उदगीरला काय त्याचं?" असे कोणी म्हणेल. त्यांना माझी एक चूक सांगतो. कोडीन असलेले खोकल्याचे औषध अफूच्याच कुळातले. काही वर्षांपूर्वी एका तरुणाला कोरड्या खोकल्यासाठी मी ते लिहून दिले. तो दर पंधरवड्याला येई. छाती स्वच्छ असूनही गर्दीच्या घाईत मी लिहीत गेलो. एके दिवशी त्याची आई रिकाम्या बाटल्यांची पिशवी घेऊन आली. मी मान खाली घातली. तो कुठल्या अंधाऱ्या गल्लीत गेलाच नव्हता, माझ्या टेबलाशी येत होता. कोडीन, ट्रॅमाडॉल आणि झोपेच्या बऱ्याच गोळ्या २०१४ पासून एच-१ यादीत आहेत. त्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि दुकानदाराला वेगळी नोंदवही ठेवावी लागते. पण चिठ्ठी लिहिणारा जागा नसेल, तर वही काय करणार?

घरात काय पाहावे? पैसे किंवा वस्तू नाहीशा होणे, जळालेल्या चांदीच्या कागदाचे तुकडे, औषधाच्या रिकाम्या बाटल्या, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, बदललेले मित्र. एकाच खुणेवरून मुलावर आरोप करू नका. शांतपणे विचारा. मुलगा हलवूनही उठत नसेल, श्वास अगदी मंद असेल, तर कुशीवर वळवा आणि ताबडतोब १०८ ला फोन करा. रुग्णालयात नॅलॉक्सोनचे इंजेक्शन मिळाले तर जीव वाचतो.

उपचार आहेत. टर्की सुसह्य करणारी औषधे आहेत, नंतर समुपदेशन आणि दीर्घकाळ पाठपुरावा लागतो. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली 'मुक्तांगण' सुरू केले, ते याच कामासाठी. १४४४६ या मोफत क्रमांकावरही सल्ला मिळतो. पोलिसांच्या भीतीने लपवू नका. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात, थोड्या प्रमाणासाठी, स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून संरक्षण आहे. मात्र उपचार पूर्ण करावे लागतात.

त्या गृहस्थांना मी एवढेच म्हणालो, "कुलूप काढलंत, चांगलं झालं. आता त्याला आत बोलवा." मुलगा आला, खुर्चीत बसला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "काका, झोप येत नाही." उपचाराची सुरुवात आम्ही तिथूनच केली.