मूत्राशयाचे दुखणे आणि पायाची बोटे

लघवी तुंबते, किंवा नकळत होते. सोनोग्राफीत खडा नाही, लघवीत जंतू नाहीत, प्रोस्टेट वाढलेली नाही. अशा रुग्णाला डॉक्टर बूट-मोजे काढायला सांगतात तेव्हा तो चक्रावतो. पण मूत्राशय आकुंचित करणारे मज्जातंतू मज्जारज्जूच्या अगदी खालच्या टोकातून, दुसऱ्या ते चौथ्या त्रिक खंडातून निघतात. तळपायातल्या लहान स्नायूंचे आणि गुदद्वाराभोवतीच्या कातडीचे तंतूही त्याच आळीतले. एका घरात काय बिघडले हे शेजाऱ्यांना विचारता येते. पायाची बोटे फाकवता येतात का? तळव्याची कमान उंच झाली आहे का? टाचेवरच्या शिरेवर हातोडी मारली की पाऊल उडते का? कंबरेखाली मधोमध केसांचा झुबका दिसला, तर मज्जारज्जू जन्मापासून खाली जखडलेला असल्याची शंका घ्यावी लागते. चालही पाहतात, उतारवयात पाऊल जमिनीला चिकटल्यासारखे पडत असेल आणि विसराळूपणाही वाढला असेल, तर शोध मेंदूकडे वळतो.

खरी अडचण पुढेच आहे. घोड्यावर बसल्यावर खोगिराला टेकेल तेवढ्या भागातली संवेदना टाचणीने पाहायची असते, हातमोजा घालून गुदद्वाराची आवळण्याची ताकद जोखायची असते. रुग्ण संकोचतो आणि, खरे सांगायचे तर, डॉक्टरही. तपासणी राहून जाते. मणक्यातली गादी सरकून घोड्याच्या शेपटासारखा दिसणारा तंतूंचा जुडगा दाबला गेला असेल, तर हा संकोच फार महागात पडतो. शस्त्रक्रियेला उशीर झाल्यास लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. कंबरदुखीच्या रुग्णाने ‘तिथे बधिर वाटतं’ हे त्याच दिवशी, काही तासांतच, सांगायला हवे.

आणि तपासणीत काहीच सापडले नाही तर? तरुण स्त्रियांची लघवी अशी तुंबली की तिला ‘मानसिक’ म्हणून मोकळे होण्याची जुनी खोड होती. लंडनच्या क्लेअर फाउलर यांनी १९८०च्या दशकात अशा स्त्रियांच्या मूत्रमार्गाच्या आवळ-स्नायूत बारीक सुई घालून त्यातल्या विद्युत्-लहरी ध्वनिवर्धकावर ऐकल्या. लघवीच्या वेळी सैल पडायला हवा तो स्नायू सैल पडतच नव्हता. त्याच्या लहरींचा आवाज समुद्रातल्या देवमाशांच्या आवाजासारखा येतो. हातोडीला आणि टाचणीला मात्र त्या स्त्रियांत काहीच वावगे आढळले नव्हते.