हस्तकलेतून परसंस्कृतीचा परिचय : आदिंक्रा वस्त्राच्या आधारे एक विवेचन

(१)

परकीय संस्कृतीचा परिचय विद्यार्थ्यांस कोणत्या मार्गाने करून द्यावा, हा शिक्षणशास्त्रातील एक जुना प्रश्न आहे. पाठ्यपुस्तकातून माहिती देता येते. परंतु माहिती आणि परिचय ह्या दोन भिन्न गोष्टी होत. म्हणूनच अनेक देशांतील शाळांनी कलावस्तूच्या प्रत्यक्ष निर्मितीचा मार्ग अवलंबिला आहे. अमेरिकेत सहावी ते आठवी हे वर्ग सामान्यतः ‘मिडल स्कूल’ ह्या स्वतंत्र शाळेत भरतात. तेथे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय कला-मानकांमध्ये निर्मिती, सादरीकरण आणि रसग्रहण यांच्या जोडीला, कलाकृतीचा सामाजिक, सांस्कृतिक व ऐतिहासिक संदर्भाशी संबंध जोडणे हेही कलाशिक्षणाचे एक अंग मानलेले आहे. आपल्याकडेही २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ह्याच तीन इयत्तांचा एक स्वतंत्र टप्पा कल्पिला असल्यामुळे हा प्रश्न आपणांस परका नाही.

तथापि हा मार्ग दिसतो तितका निर्धोक नाही. एका तासिकेत पुठ्ठा कापून, त्यावर रंग चढवून ‘आफ्रिकी मुखवटा’ तयार करण्याचा पाठ सर्वपरिचित आहे. त्या खंडात पन्नासांहून अधिक देश आहेत. मुखवटा कोणाचा, तो कोण धारण करतो, कोणत्या प्रसंगी, हे मुलास ठाऊक होत नाही. त्याच्या मनात एवढेच ठसते, की आफ्रिका म्हणजे मुखवटे. वाचलेली चूक विसरली जाते. स्वहस्ते केलेली वस्तू मात्र घराच्या भिंतीवर राहते आणि तिच्यासमवेत चुकीची कल्पनाही राहते. अकरा ते चौदा हे वय परक्या लोकांविषयीची मते घट्ट होऊ लागण्याचे असल्याने ही हानी क्षुल्लक म्हणता येणार नाही.

ह्यावरून हस्तकलेचा त्याग करावा असे मात्र ठरत नाही. दोष हाताने काम करण्यात नसून केवळ आकृतीची नक्कल करण्यात आहे. वस्तू कशाची केली, कशी केली आणि कोणत्या प्रसंगासाठी केली, ह्या तीन प्रश्नांच्या अनुरोधाने काम झाले, तरच हात संस्कृती शिकवितो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

(२)

पश्चिम आफ्रिकेतील घाना देशाच्या असांते लोकांचे आदिंक्रा वस्त्र ह्या दृष्टीने अभ्यसनीय आहे. कुमासी नगराजवळील न्तोन्सो हे गाव ह्या कामासाठी प्रसिद्ध असून तेथील कारागीर आजही हे काम करतात. ठसा तुंब्याच्या, म्हणजे वाळलेल्या भोपळ्याच्या, कवचाचा तुकडा कोरून करतात व पाठीमागे काड्या बांधून मूठ करतात. एका विशिष्ट झाडाची साल भिजवून, कुटून व दीर्घकाळ उकळून दाट, काळसर रंग सिद्ध होतो. कापड मऊ बैठकीवर ताणून लाकडी फणीने त्यावर रेघा ओढतात; त्यामुळे चौकटी पडतात आणि एकेका चौकटीत एकच चिन्ह पुनःपुन्हा उमटविले जाते. तांबड्या, तपकिरी वा काळ्या भूमीचे वस्त्र शोकप्रसंगी, विशेषतः अंत्यविधीच्या वेळी, परिधान करतात. पांढऱ्या भूमीचे वस्त्र आनंदाच्या प्रसंगी चालते.

प्रत्येक चिन्हास नाव असते आणि पुष्कळदा त्याच्यामागे एखादी म्हण असते. ‘सांकोफा’ ह्या चिन्हात मान मागे वळविलेला पक्षी असतो. मागे विसरलेले परत जाऊन आणण्यात दोष नाही, हा त्याचा आशय. मेंढ्याच्या शिंगांचे चिन्ह सामर्थ्यासह असलेली नम्रता दर्शविते. दोन मगरींचे पोट एकच असून त्या अन्नासाठी भांडतात, हे चिन्ह ऐक्याचे होय.

आता विद्यार्थ्याने दुध्याचे वाळलेले कवच, ते न मिळाल्यास बटाटा, कोरून ठसा केला तर काय घडते ते पाहू. पहिली गोष्ट, ठसा उलटा उमटतो हे त्यास कळते. आणि मग अनेक चिन्हे डावी-उजवीकडे सारखी का असतात, ह्याचे एक कारण त्यास आपोआप सुचते. दुसरी, बारीक रेषा कोरताना तुटते. म्हणून चिन्हांच्या रेषा जाड व मोजक्या आहेत हे ध्यानी येते. तिसरी, कवच वक्र असल्याने ठसा सपाट दाबून चालत नाही, तो किंचित डोलवावा लागतो. चौथी, एक चौकट भरण्यास लागणारी चिकाटी पाहून संपूर्ण वस्त्रामागील श्रमाचा अंदाज येतो. ‘साधी आकृती म्हणजे अप्रगत कला’ हा ग्रह ज्या रीतीने येथे नष्ट होतो, त्या रीतीने तो व्याख्यानाने होत नाही. आकृतीचा साधेपणा हा सामग्रीशी केलेला विचारपूर्वक करार आहे, हे हातास कळलेले असते.

(३)

निर्मितीबरोबर पुराव्याचा विचारही शिकविता येतो. परंपरेप्रमाणे ग्यामान राज्याच्या कोफी आदिंक्रा नामक राजाने असांतेंच्या सुवर्णासनाची प्रतिकृती करविली. त्यावरून युद्ध होऊन तो पराभूत झाला आणि त्याच्या वस्त्रावरून ही कला असांतेंकडे आली. हे युद्ध १८१८ च्या सुमाराचे. परंतु टॉमस बाउडिच हा इंग्रज १८१७ साली कुमासीस गेला असता त्याने मिळविलेले आदिंक्रा वस्त्र लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये आहे. म्हणजे कला त्या पराभवापूर्वीच कुमासीत होती. दोन सनांची ही तुलना सातवीतील मूल स्वतः करू शकते. दंतकथा टाकून द्यावयाची नसते, तिच्याकडे एका समाजाची स्मृती म्हणून पाहावयाचे असते, हा इतिहासाचा मोलाचा पाठ त्यास येथे मिळतो.

अमेरिकेतील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ह्या विषयास आणखी एक धागा आहे. १९९१ साली न्यूयॉर्क येथे इमारतीसाठी खोदकाम होत असता अठराव्या शतकातील आफ्रिकी लोकांची दफनभूमी उजेडात आली. तेथील एका शवपेटीच्या झाकणावर खिळ्यांनी साधलेली हृदयाकार आकृती होती. सांकोफाचे एक रूप हृदयाकार असल्याने ती आकृती सांकोफाच होय असे काही अभ्यासकांनी मानले. इतरांनी पुढे त्याबद्दल शंका प्रकट केली. २००६ साली ही जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाली. दूरच्या खंडातील चिन्ह आपल्याच नगराच्या भूमीत निघते की काय, हा प्रश्न ज्या मुलाने तो ठसा कोरला आहे त्याला अधिक जिव्हाळ्याने विचारता येईल.

(४)

सर्वच गोष्टी वर्गात करण्यायोग्य असतात असे नाही. नॅव्हाहो लोकांची वाळूची चित्रे रोगनिवारणाच्या विधीत काढली जातात व विधी संपताच मोडली जातात; त्यांची नक्कल करून भिंतीवर लावणे म्हणजे त्यांचा अर्थच नाहीसा करणे. ऑस्ट्रेलियातील पापुन्या येथे १९७१ साली शाळेचे शिक्षक जेफ्री बार्डन यांच्या प्रोत्साहनाने तेथील आदिवासी पुरुषांनी फळ्यांवर चित्रे काढण्यास आरंभ केला. काही आरंभीच्या चित्रांत गुप्त विधींतील आकृती उघड झाल्याने इतर आदिवासी समूहांनी आक्षेप घेतला. पुढे चित्रकारांनी अशा आकृती वगळल्या किंवा झाकल्या. स्वतः परंपरेचे अधिकारी असलेल्यांस जेथे इतका विवेक करावा लागला, तेथे परक्या शिक्षकाने अधिकच सावध असणे प्राप्त आहे. अशा ठिकाणी पाहणे, वाचणे व चर्चा करणे एवढेच उचित.

ह्या विवेकाचे मर्म आपणांस वारली चित्रकलेवरून सहज समजेल. विवाहप्रसंगी सवाशिणींनी झोपडीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने रेखाटलेला, पालघाट देवतेचा चौक हा तिचा मूळ आधार. १९७० नंतरच्या दशकात जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या कलावंतांनी ती कागदावर व कापडावर आणून जगभर पोहोचविली. आज आपल्याच शाळांत ‘दोन त्रिकोणांचा माणूस’ एवढ्यावर तिची बोळवण होते. परदेशातील शाळेत ती अशीच शिकविली गेली तर आपणांस जे खटकेल, तेच असांते कारागिरास आपल्या वर्गातील घाईने छापलेल्या ठशाबद्दल खटकणार.

(५)

व्यवहारात ह्यासाठी फार साहित्य लागत नाही. वेळ मात्र लागतो. अनेक संस्कृतींना एकेक तासिका देण्यापेक्षा वर्षातून दोनच घेऊन प्रत्येकीस पाच-सहा तासिका देणे श्रेयस्कर. प्रथम मूळ वस्तूची चांगली छायाचित्रे पाहून मुलांनी प्रश्न लिहावेत. नंतर सामग्री हाताळावी. मग ठसा करावा. शेवटी स्वतःच्या घरातील एखादी म्हण, उदाहरणार्थ ‘थेंबे थेंबे तळे साचे’, घेऊन तिच्यासाठी स्वतंत्र चिन्ह योजावे. ह्या चिन्हास आदिंक्रा म्हणू नये. ते त्या मुलाचे होय. असे केल्याने परक्याची पद्धत शिकता येते व परक्याची मालमत्ता आपली म्हणवण्याचा प्रमादही टळतो.

मूल्यमापन ठशाच्या सफाईवर करू नये. चिन्ह असेच का आहे, हे वस्त्र कोण केव्हा नेसतो आणि त्याविषयी आणखी काय विचारावेसे वाटते, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत द्यावीत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर जितके मोठे, तितका पाठ यशस्वी समजावा. कारण दुसऱ्या समाजाविषयी आपणांस अजून पुष्कळ जाणावयाचे आहे, ही जाणीव हाच खऱ्या परिचयाचा आरंभ होय.